लिथुआनियाहून आलेल्या पळसमेंढ्याच्या हरकती

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी (हरकती व सूचना),
जलसाठा पुनर्विनियोग कक्ष,
पहिला मजला, जिन्याच्या डाव्या हाताला,
चंद्रपूर.

अर्जदार : गुणवंतराव सोमाजी दिघोरे, वय ५३, शिक्षण बी.ए. (मराठी), सचिव, पळसमेंढा मच्छीमार सहकारी संस्था मर्यादित, मौजा पळसमेंढा, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर, राज्य महाराष्ट्र, देश भारत. (देश लिहिण्याची रीत नाही याची अर्जदारास जाणीव आहे. लिहिण्याचे कारण पुढे येईल.)

विषय : पळसमेंढा येथील तलावाची पाळ सोमवार दि. १९ मे २०२५ रोजी न फोडणेबाबत, तसेच अर्जदाराच्या गावाचे भौगोलिक स्थान दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली जाहीर सूचना दि. ३ मार्च २०२५.
२) संस्थेच्या दोनशे बारा हरकती दि. १० मार्च २०२५, पुन्हा दि. ३१ मार्च २०२५.
३) आपले पत्र दि. १५ एप्रिल २०२५, "हरकती : निरंक".

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्जदार सविनय नमूद करतो की,

१. मौजा पळसमेंढा येथे एक माजी मालगुजारी तलाव आहे. आपल्या दप्तरात त्याला संक्षेपाने 'मामा तलाव' म्हणतात. बदलून आलेले साहेब पहिल्या दिवशी "हा कोणाचा मामा?" असे विचारून हसतात व दुसऱ्या दिवशीपासून हसत नाहीत, कारण तोवर त्यांच्याकडे तलावातली मरळ मासोळी पोचलेली असते. चौऱ्याण्णव घरांची मासोळी, दीडशे एकरांचे धान आणि गावातल्या झाडून सगळ्या विहिरी या एकाच मामाच्या जिवावर आहेत. गावाला दुसरा मामा नाही. असता तर आपल्या कक्षात असता आणि हा अर्ज लिहावा लागला नसता.

२. हा तलाव बुजवून तेथे 'जिल्हा विदा केंद्र' उभारण्याचे आपण योजिले आहे. विदा म्हणजे संगणकात साठवायची माहिती, हे अर्जदारास आता ठाऊक आहे. दि. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते कोणासही ठाऊक नव्हते. आपल्या प्रतिनिधींनी कागद वाचून दाखविला, "पळसमेंढा येथे विदा केंद्र मंजूर करण्यास सभेची संमती आहे काय?" आमच्या भागात विदा म्हणजे बिदाई. लेक सासरी निघते ती. तलावाजवळ मांडव टाकायला जागा नाही, पोरींची बिदाई रस्त्यावर ट्रॅक्टरच्या धुरात होते, हे गाऱ्हाणे जुने. संस्थेच्या अध्यक्षा श्रीमती रुखमाबाई मानकर (वय ७१) पहिल्या उठल्या. म्हणाल्या, "वा जी साहेब, भल्लं काम केलं. पोरीले बसाले जागा भेटन, रडाले सावली भेटन." टाळ्या झाल्या. एकशे त्रेसष्ट हात वर झाले, विरोधात शून्य. त्यातला एक हात अर्जदाराचा होता. अर्जदार मराठी घेऊन पदवीधर आहे, हे त्याने वर लिहिले आहेच. ते वाचून आपणास काय वाटेल याची त्यास कल्पना आहे.

केंद्र तलावाच्या जागेवर आहे हे कागदात होते. पण ते भूमापन क्रमांकात होते, आणि आपला तलाव कोणत्या क्रमांकाचा हे तलावात उतरणाऱ्याला माहीत नसते.

३. संदर्भ एकच्या सूचनेने प्रकार उघड झाला. हरकतींसाठी तीस दिवस, म्हणजे दि. २ एप्रिलपर्यंत मुदत दिली. अटी तीन : हरकत फक्त ई-मेलने घेतली जाईल, तलावाचा हक्क संस्थेकडे असल्याने ती संस्थेच्या नोंदणीकृत ई-मेल पत्त्यावरूनच यावी, आणि नोंदणीकृत पत्ता बदलायचा झाल्यास तसा विनंती अर्ज त्याच पत्त्यावरून ई-मेलने करावा. अर्जदाराने ही तिसरी अट चारदा वाचली. विहिरीत पडलेल्याने वर येऊन दोर मागावा, तशी ती आहे.

४. आता संस्थेच्या पत्त्याविषयी. दोन वर्षांपूर्वी "प्रत्येक संस्थेचा स्वतःच्या नावाचा ई-मेल पाहिजे" असा आदेश निघाला, तेव्हा नागभीडच्या रेल्वे फाटकाजवळ ऑनलाईन फॉर्मचे दुकान चालविणारे श्री. अयूब शेख यांनी तो करून दिला. अयूबभाई पूर्वी टायपिंगचे क्लास घेत. अर्धा तालुका त्यांच्याच हाताखाली टंकलेखन परीक्षेत नापास झाला आहे. त्यांनी पडदा संस्थेच्या सभासदांपुढे फिरवला व विचारले, "टपाल ठेवायची मशीन कोणत्या मुलखात पाहिजे? हे इतके देश आहेत. भाव थोडे इकडेतिकडे."

सभासदांना देशांची नावे वाचता आली नाहीत. पण प्रत्येक नावापुढे एक चित्र होते. एकात मनोरा, एकात पूल, एकात उंच इमारती. एकात तळे होते, तळ्याकाठी गवत आणि गवताला टेकून ठेवलेला डोंगा, म्हणजे लहान होडी. रुखमाबाईंनी चित्रावर बोट ठेवले. "हे घ्या जी अयूबभाऊ. इथी डोंगा तं हाय. डोंगेवाले लोक बेइमान नाई रायत."

ठराव एकमताने मंजूर झाला. त्या देशाचे नाव लिथुआनिया.

मासेमारांनी तळे पाहून देश निवडला, यात अर्जदारास आजही चूक दिसत नाही. चूक असेल तर ती इतकीच की, तळे पाहून कोणी विश्वास ठेवतो हे टपाल तपासणाऱ्या यंत्रास कोणी सांगितलेले नाही.

५. दि. १० मार्च रोजी दोनशे बारा हरकती नोंदणीकृत पत्त्यावरून पाठविण्यात आल्या. अयूबभाई टंकत होते, लोक ओळीने उभे राहून सांगत होते. सकाळी नऊला सुरुवात झाली ती दिवेलागणीला संपली. रुखमाबाईंची हरकत क्रमांक १ ची. ती अशी : "या पाळीवर माह्या सासऱ्याच्या बापानं डोक्यावरून माती वाह्यली. त्यानं कोनाले इचारलं नाई का ही माती कोनत्या देशाची. तुमी तलाव बुजवाले निघाले तं पह्यले ते माती परत करा, पाटी-पाटीनं."

दोन आठवडे पोच आली नाही. अर्जदाराने आपल्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळाले, "काहीच आलं नाई भाऊ. पाठवलं का खरंच?"

६. अयूबभाईंनी शोध घेतला व त्यांना जे समजले ते त्यांनी अर्जदारास दुकानात बसवून सांगितले. अर्जदार ते शब्दशः देत आहे, कारण एवढ्या सोप्या भाषेत शासनास कोणी सांगेल असे वाटत नाही.

"भाऊ, मशीन पत्र वाचत नाई. पत्र कोणत्या घरून आलं ते पाह्यते. आपलं घर लिथुआनियात. त्या घरात आपण एकले नाई, चारशे बिऱ्हाडं आहेत. बाजूले लॉटरीवाला, मागं टक्कलवर केस उगवणारा, वर कोणी तरी लोकायचे पासवर्ड चोरणारा. टपालवाल्यानं ती गल्लीच बंद करून टाकली. मंग त्या गल्लीत सज्जन रायते का बदमाश, त्याले काय घेणंदेणं? आणिक आपण लिवलं मराठीत. मराठी, अन् आली लिथुआनियातून! मशीनले वाटते का कोणी तरी सोंग घेऊन आलं, दंडारीतल्यासारखं."

अर्जदाराने विचारले, "मग आपण खरे आहोत हे सांगायची सोय नाही का?"

"हाय ना. दारावर पाटी लावा लागते का हे घर या संस्थेतर्फे बोलू शकते. ते पाटी म्या पह्यल्याच दिवशी लावली. पण भाऊ, पाटी वाचाले टपालवाला गल्लीत तं शिरला पाह्यजे."

७. येथे अर्जदारास एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. तिचा विषयाशी थेट संबंध नाही, असे आपण म्हणाल. सन १९९६ मध्ये अर्जदार पुण्यास नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. समोरच्या तिघांनी अर्ज उघडण्याआधी विचारले, "गाव कोणतं?" अर्जदाराने जिल्हा सांगितला. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने विचारले, "तिकडे जंगलातले ते लोक येतात का हो तुमच्या घरी जेवायला?" दुसऱ्याने विचारले, "लाईट असते?" तिसऱ्याने काहीच विचारले नाही, अर्ज उचलून डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवला. उजवीकडेही एक गठ्ठा होता. त्या खोलीत सर्व्हर नव्हता, साधा पंखाही नव्हता. तेव्हा गाव पाहून टपाल डावीकडे टाकण्याची विद्या यंत्राने शोधलेली नाही, महोदय. यंत्राला ती कोणीतरी शिकवली आहे, आणि शिकवणाऱ्याचा हात चांगला बसलेला होता.

८. दि. २४ मार्च रोजी अयूबभाईंनी पत्ता तोच ठेवून संस्थेचे टपाल मुंबईच्या सर्व्हरवर हलविले. आता देश जुळला. परंतु त्यांनी बजावले, "घर नवं आहे. नव्या घराची ओळख नसते. पह्यल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी चार, असं सबुरीनं पाठवा लागते. महिना-दीड महिना लागते ओळख व्हाले."

मुदतीचे नऊ दिवस उरले होते. त्यातले सात दिवस अर्जदाराने सबुरी ठेवली व चौदा निरुपद्रवी पत्रे पाठविली, जसे की "आपणास उन्हाळ्याच्या शुभेच्छा". आठव्या दिवशी, दि. ३१ मार्च रोजी, गावातले लोक संस्थेच्या ओट्यावर येऊन बसले, आणि अर्जदाराने अयूबभाईंचे न ऐकता दोनशे बारा हरकती एका दमात सोडल्या. ही घाई सर्वस्वी अर्जदाराची, तिची जबाबदारी त्याच्यावर आहे. आपल्या यंत्राने तिला 'घाऊक प्रचार' ठरविले. रुखमाबाई ऐकून म्हणाल्या, "बरोबर हाय ना लेका. पोरगी पाहाले कोनी पह्यल्याच दिवशी दोनशे बारा पाव्हने घेऊन जाते? त्याईनं दार लावून घेतलं असन." नंतर बराच वेळ त्या पाळीकडे पाहत राहिल्या. ही नोंद अनावश्यक आहे. तरी अर्जदार ती खोडत नाही.

९. दि. ७ एप्रिल रोजी अर्जदार व रुखमाबाई एसटीने चंद्रपुरास येऊन आपल्या कार्यालयात समक्ष हजर झाले. टेबलावर मंजुषा मॅडम होत्या. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची काहीही तक्रार नाही. त्यांनी रुखमाबाईंना खुर्ची दिली, पाणी दिले आणि पडदा आमच्याकडे वळविला. त्यांची आवक नऊ ओळींची होती. सर्वांत वर नागपूरच्या एका दुकानाची, स्वस्त फिरत्या खुर्च्यांची जाहिरात होती आणि तिच्यावर 'अभिप्रायार्थ सादर' असा शेरा पडलेला होता. मग त्यांनी डाव्या बाजूच्या एका कप्प्यावर बोट ठेवले. कप्प्याचे नाव 'अनाहूत', म्हणजे स्पॅम. त्यात हरकती होत्या. लिथुआनियाच्या दोनशे बारा, मुंबईच्या दोनशे बारा. विषयाच्या ओळीत हरकत घेणाऱ्यांची नावे दिसत होती. झिंगू नान्हे. रंजीता शेंडे. इसरू गेडाम. रुखमाबाईंना अक्षरओळख जेमतेम, पण स्वतःचे नाव त्या ओळखतात. त्यांनी ते ओळखले.

"ताई, हे तं मीच हावो. उघड ना मले."

मंजुषा मॅडम म्हणाल्या, "बाई, उघडता येत नाई. उघडलं तर प्राप्त झालं असं होते. प्राप्त झालं तर मुदतीनंतर काऊन प्राप्त करून घेतलं, म्हणून मलेच नोटीस."

"मंग मी इथी हाव का नाई?"

मॅडमनी त्या ओळीपुढची तारीख पाहिली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आहात. पण तीस दिवसांनी ते आपोआप पुसल्या जाते बाई."

पहिल्या दोनशे बारांचे तीस दिवस दि. ९ एप्रिलला भरले, उरलेल्यांचे दि. ३० एप्रिलला. आपण हा परिच्छेद वाचत असाल तेव्हा तो कप्पा रिकामा असेल. खुर्च्यांबाबत आपला अभिप्राय झाला असल्यास अर्जदारास आनंद आहे.

१०. संदर्भ तीनच्या पत्राने आपण कळविले की हरकती निरंक असून, सबब पाळ फोडण्याचे काम दि. १९ मे रोजी सुरू होईल. एवढ्यावर पत्र थांबले असते तर अर्जदाराने समजून घेतले असते. परंतु पुढे असेही आहे की, "तथापि, प्रकल्पाबाबत एका परकीय देशातून मोठ्या संख्येने संशयास्पद संदेश आल्याचे यंत्रणेच्या अहवालात दिसून आले असून, संस्थेचे परकीय हितसंबंध तपासण्यासाठी अध्यक्षांनी पारपत्रासह उपस्थित राहावे."

याचा अर्थ, संदेश आले नाहीत म्हणून हरकती निरंक, आणि संदेश आले म्हणून चौकशी. अर्जदाराने हे वाक्य अयूबभाईंना वाचून दाखविले तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, मी एवढे वर्ष टायपिंग शिकवली, पण एकाच कागदावर एवढी सफाईदार चूक नाई पाह्यली."

अध्यक्षांचे पारपत्र नाही. त्यांचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास ब्रह्मपुरीस मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी होता. आता चंद्रपूर झाले. चौकशीस त्या तयार आहेत. त्यांचा एकच प्रश्न आहे, तो आपण चौकशीत नोंदवून घ्यावा. त्यांनी अयूबभाईंना विचारले होते, "त्या डोंगेवाल्यायच्या देशात ते टपालाची मशीन ठेवली, तं त्याईनं ते तळं बुजवलं का?" अयूबभाईंनी नकाशा काढून पाहिला. तळे जागेवर होते. मशीनही होती, थोडी दूर. "दोन्ही हाय बाई," ते म्हणाले. रुखमाबाई म्हणाल्या, "मंग आपल्याच लोकायले दोन्ही काऊन नाई जमत?"

याचे उत्तर आपणास येत असल्यास टपालाने कळवावे.

११. दूरध्वनीवर आपल्या एका साहेबांनी अर्जदाराचे सांत्वन केले तेही नमूद करतो. ते म्हणाले, "हे बघा दिघोरे, विदा केंद्र त्याचसाठी आहे. जिल्ह्याचा सर्व्हर जिल्ह्यात आला की तुमच्या ई-मेलला असा त्रास राहणार नाही." म्हणजे तलाव वाचविण्याची हरकत आपल्यापर्यंत पोचण्यासाठी जिल्ह्यात सर्व्हर पाहिजे, सर्व्हरसाठी केंद्र पाहिजे, केंद्रासाठी तलाव बुजवला पाहिजे. तो बुजला की पळसमेंढ्याची हरकत पळसमेंढ्यातूनच, थेट तलावाच्या जागेवरून, क्षणात पोचेल. फक्त तेव्हा ती कशाबद्दल होती हे विषयाच्या ओळीत लिहावे लागेल.

ग्रामसभेने लावलेला विदा शब्दाचा अर्थ चुकीचा होता, असे अर्जदार आजवर समजत होता. ते म्हणणे तो मागे घेत आहे. अर्थ बरोबर होता. कोणाची बिदाई, तेवढे कळले नव्हते.

१२. सबब विनंती की, दोनशे बारा हरकती प्राप्त झाल्या असे धरून पाळ फोडण्याचे काम थांबवावे. त्या पुन्हा कागदावर, अंगठे व सह्यांनिशी, सोबत जोडल्या आहेत. कागदी हरकत चालत नाही हे अर्जदारास माहीत आहे. पाळीवर टाकलेली मातीही नियमात बसत नव्हती. ती शंभरावर वर्षे टिकली.

हे शक्य नसल्यास, व हरकती लिथुआनियाच्याच आहेत असे आपले ठाम मत असल्यास, ज्यांच्या हरकती त्यांचाच तलाव हे ओघाने येते. मग तो तलाव आपल्या अखत्यारीतला राहत नाही. पाळीस कुदळ लावण्यापूर्वी त्या देशाची लेखी परवानगी घ्यावी. तेथील लोक तळे ठेवून मशीन ठेवणारे आहेत. ते देणार नाहीत, अशी गावाची खात्री आहे.

तेही शक्य नसल्यास, दि. १९ मे रोजी आपण स्वतः पाळीवर यावे. गावातले सर्व लोक तेथे बसलेले असतील. कोणी घोषणा देणार नाही, कोणी अडविणार नाही, सगळे केवळ आपापल्या भौगोलिक स्थानावर असतील. ते तपासून घ्यावे.

आपला नम्र, आणि नोंद असो वा नसो, आपल्याच जिल्ह्यातला,

(सही)
गुणवंतराव सोमाजी दिघोरे
मौजा पळसमेंढा
दि. ९ मे २०२५

सहपत्रे :
१) हरकती, नग २१२, हस्तलिखित.
२) श्रीमती रुखमाबाई मानकर यांच्या शिधापत्रिकेची प्रत, पारपत्राऐवजी.
३) तळे व डोंगा यांचे रंगीत चित्र, ज्यावरून देश निवडण्यात आला.
४) मूळ ठिकाणाचा पुरावा : सदर अर्ज पळसमेंढा येथूनच पाठविला आहे. पाकिटावर पोस्टाचा शिक्का पाहावा. तो नेहमीप्रमाणे उमटला नसेल, तर अर्जाच्या कागदाचा वास घ्यावा. हरकती लिहून घेण्यासाठी संस्थेत एकच टेबल होते, ते मासोळी मोजण्याचे. वास मरळीचा आहे. दि. १९ मे नंतर केलेल्या अर्जास हा पुरावा जोडता येणार नाही.